खिंडीतली कौले

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक घर बघा. उतारावर आहे. जांभ्याचे जोते, मातीच्या भिंती, पुढे शेणाने सारवलेली ओटी. ओटीवर एक म्हातारा बसला आहे. आता मान वर करा. छप्पर दिसते का? नाही ना? नुसते वासे आणि त्यांच्यावर ठोकलेल्या आडव्या रिपा दिसतात, आणि त्यांच्या फटींतून वैशाखाचे ऊन सरळ चुलीवर पडले आहे. म्हाताऱ्याच्या अंगावर उन्हाचे पट्टे पडलेत. तो घोंगडीसकट थोडा सरकतो, पण जाईल तिथे पट्टे आहेतच. छप्पर कुठे गेले असेल, सांगा पाहू? वाऱ्याने नेले? जळाले? छे. घरच्या सुनेने ते आपल्या हाताने उतरवले होते.

सुनेचे नाव सगुणा. नवरा आत्माराम मुंबईला गिरणीत होता. घरी ती, सासरा भिकाजी आणि पोर राही. शेत, गुरे, म्हातारा, सगळे सगुणेच्या अंगावर. कामाला ती मागे सरणारी नव्हती, पण विश्वास मात्र कोणावर टाकत नसे. हर्ण्याच्या बंदरावरची कोळीण दारात पाटी उतरवी, तेव्हा सगुणा मासळी कल्ल्यापासून शेपटीपर्यंत हुंगून बघायची आणि म्हणायची, "वरची ताजी हाय गो. आता खालची काढ."

स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. दिवाळीनंतर एक दिवस सरकारी बोर्डाचे साहेब मापाची टेप घेऊन वाडीत आले. सात घरांची वाडी, सगळी गवताने शाकारलेली. वाडीचा म्होरक्या आप्पा गावकार. त्याच्या अंगणात माणसे जमली. साहेब म्हणाले, "गवत काढून जो कौले घालील त्याला बोर्ड पैसे देईल. निम्मी मदत, निम्मे कर्ज. मदत परत करायची नाही. कर्ज हप्त्याने फेडायचे."

आप्पाने तंबाखू थुंकली.

"आन् मंग सायब, घर कुनाचं?"

"तुमचंच."

"कौलं?"

"तीही तुमचीच."

"मंग ह्याच्यात बोर्डाला काय गावतं?"

माणसे हसली. साहेबही हसले आणि समजावू लागले, गवत पेट घेते, दरसाल कापावे लागते, त्यात इंचूकाटा राहतो. तेव्हा सगुणेची शेजारीण चिमा मागून म्हणाली, "आमच्या इंचवाची येवडी काळजी? खोतालासुद्धा न्हवती."

कोणी पुढे झाले नाही. सगुणा झाली. गेल्या भादव्यात तिच्या गवतातून एक फुरसे राहीच्या वाकळेवर पडले होते. पोर झोपेत कुशीवर वळली म्हणून वाचली. साहेबावर सगुणेचा विश्वास नव्हता, पण फुरशावर होता. आत्मारामचेही पत्र आले, की घे, हप्ते मी भरतो.

अंगठा उठवायला निघाली तेव्हा भिकाजीने हाक मारली. "सून, आंगठा जपून हां. माज्या आंगठ्याला खोतानं एकदाच शाय लावलीन, आन् परसातला फणस त्याचा झाला. झाडाखाली मी बसायचा, फणस तो खायाचा."

"फणस न्हाय उरला आता, मामंजी. आता काय नेतील?"

"घर हाय की," म्हातारा म्हणाला.

साहेबाने अटी सांगितल्या. चुलीकडे खिडकी पाडायची. गुरांना वेगळा गोठा करायचा. आणि जुने छप्पर काढून ऐनाचे नवे वासे उभे करायचे. ते आपण डोळ्यांनी बघू, मगच कौले. सगुणेने सगळे केले. खिडकी पाडताना भिंतीची माती तिच्या डोळ्यात गेली, आठवडाभर डोळा लाल होता. शिमगा झाल्यावर तिने वर चढून काळे पडलेले गवत खाली ओढले आणि राब भाजताना शेतात जाळून टाकले. त्या वर्षी ती सड्यावर, डोंगरावरच्या कातळमाळावर, गवत कापायलाही गेली नव्हती. कशाला जायचे? कौले येणार होती.

पण वाडीने ते बघितले होते. विहिरीवर चिमाने रहाट सोडता सोडता विचारले, "काय गो सगुणे, औंदा सड्यावर दिसली न्हाईस?"

"कौलं येनार हायत न्हवं."

"व्हय तर. तुजं एकदा झालं की झालं. आन् आमच्या छपरावर कोन चडनार?"

"माजा हात येईल की. कवा चुकलाय?"

"आता कशाला येईल? ज्याला घ्यायाचं न्हाय, तो द्यायाला कशाला येईल बाय?"

चिमाने घागर उचलली आणि गेली. सगुणेच्या मनात पाल चुकचुकली. हे चिमा बोलली, की चिमाच्या तोंडून वाडी बोलली?

इथे तुम्हाला त्या वाडीची एक रीत सांगितली पाहिजे. तिथे आपले छप्पर कोणी एकटा शाकारत नसे. वैशाखात पाळी सुरू व्हायची ती वरच्या घरापासून, गावकाराच्या. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, एका अंगाने एकेक घर करीत ती खाली जायची आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा वर यायची. दर घराने एक हात पाठवायचा. कोणी गवत वर फेकी, कोणी अंथरी, कोणी सुंभाने बांधी. ज्याचे छप्पर त्याने दुपारी अंगणात पंगत मांडून भात आणि सुकटीचे कालवण वाढायचे. त्या पंगतीत जे घर बसले ते इतरांच्या छपराला बांधले गेले, आणि इतर त्याच्या. लिहून ठेवलेले कुठे नव्हते. पण ते मोडलेले कोणी पाहिले नव्हते.

वैशाख लागला. साहेब येऊन वासे बघून गेले. एकेका वाशाला त्यांनी हात लावला आणि "छान" म्हणाले. सगुणेला त्या "छान"चाही संशय आला. जाताना ते म्हणाले, "कौले मंगळूरहून मचव्याने हर्ण्याला उतरतील, तिथून बैलगाडीने तुमच्या वाडीवरच्या खिंडीपर्यंत. अमावास्येनंतर मी येईन. तोवर छप्पर चढलेले दिसले पाहिजे, बाई. नाहीतर मदत म्हणून दिलेले पैसेसुद्धा मला कर्जात धरावे लागतील."

म्हणजे बघा, एकीकडे कर्ज दुप्पट आणि दुसरीकडे उघड्या घरावर पाऊस. मातीच्या भिंती; दोन सरी जोराच्या आल्या तरी वितळून जोत्यावर बसतील.

वाडीत पाळी सुरू झाली. गावकाराचे घर झाले. दुसरे झाले, तिसरे झाले. चौथे घर सगुणेचे. त्या दिवशी सकाळीच तिने कोयती आणि सुंभाचा गुंडा ओटीवर काढून ठेवला. आपल्या घरावर गवत नाही हे तिला कळत होते. पण निदान कोणी येऊन म्हणेल, सगुणे, तुझी पाळी कौलांना ठेवू, आज खाली चल. ती ओटीवर उभी राहिली. माणसे सुंभ खांद्यावर टाकून पाखाडीने उतरली, तिच्या दारावरून गेली आणि पाचव्या घरात शिरली. आप्पा गावकाराने जाताना वर बघितले, नुसत्या वाशांकडे. तिच्याकडे बघितले नाही.

आपणहून जावे, तर म्हणतील कौलवाली कशाला आली. न जावे, तर म्हणतील बघा, आलीच नाही. सगुणा जागची हलली नाही. दिवसभर खालच्या घरावर गवत थोपटल्याचा आवाज येत होता. दुपारी सुकटीचा वास आला. राहीने मान वळवून त्या बाजूला नाक केले.

"तिकडं काय हुंगतेस?" सगुणा खेकसली. "पेज हाय घरात."

"आये, आपल्याला का बोलवलं न्हाय?"

"त्यांना इचार."

भिकाजी पट्ट्यांतून पट्ट्यांत सरकत होता. तो म्हणाला, "तू जा आन् आप्पाला बोल. बोलायला काय आंगठा लागत न्हाय."

"मी न्हाय जायाची. पाळी त्यांनी चुकवलीन."

"त्यांनी चुकवलीन का तू चुकलीस, ह्ये आता देवाला तरी सांगता येईल का?"

कौलांचा पत्ता नव्हता. सगुणेच्या डोक्यात एकच घोळू लागले, कोणीतरी साहेबाचे कान भरले आहेत. शेवटी एके दिवशी ती खिंडीच्या वाटेने न जाता ओढ्याकाठच्या जवळच्या पायवाटेने हर्ण्याला गेली. बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. पलीकडे कौलांच्या थप्प्या होत्या आणि एक गाडीवान बैलांना पाणी दाखवत होता. गफूर त्याचे नाव.

"बाय, कुठल्या वाडीच्या तुम्ही?" तो म्हणाला. सगुणेने वाडीचे आणि आपले नाव सांगितले तसा तो म्हणाला, "तुमची कौलं तर मी कवाच टाकलीव. खिंडीत, जांभळीच्या बुडाशी. गाडी खाली उतरत न्हाय तुमच्याकडं."

"खोटं," सगुणा म्हणाली.

गफूरने बैलाच्या पाठीवरचा हात काढला. "खोटं? तुमचा सदू व्हता तिथं, लाकडं घेऊन येत व्हता. त्याला मी सांगितलाव, सगुणाबायला निरोप दे."

सदू म्हणजे चिमाचा नवरा. सगुणेची कानशिले तापली. तरी ती म्हणाली, "वाटेत कुणाला इकली न्हाईस कशावरनं?"

"चला माज्या गाडीत बसून आन् बगा. एक कौल कमी भरलं तर हे बैल सोडून न्या, अल्लाची आन!"

ती बसली. खिंडीत गाडी थांबली. जांभळीच्या बुडाशी लाल थप्प्या, मध्ये पेंढा, वर जांभळाची पाने पडलेली. सगुणेने एक कौल उचलून उलटे केले. पाठीवर इंग्रजी अक्षरे उठवलेली होती.

"ह्यो कसला छाप?"

"कारखान्याचा असंल," गफूर म्हणाला. "मी काय वाचलाय?" आणि गाडी वळवून निघून गेला.

चुंबळ नव्हती म्हणून तिने पदराचीच वळी केली, चार कौले डोक्यावर घेतली आणि पाखाडी उतरू लागली. मंगलोरी कौल हातात घ्या म्हणजे कळेल. एकटे हलके वाटते, चार झाली की मान आत जाते. पायऱ्या ती आडवी होऊन एकेक उतरत होती. सदू आपल्या अंगणाच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, बसून कोयतीला धार लावत होता.

"सदूभावोजी, गाडीवानानं तुमाला काय सांगितलंन?"

सदूने धार बघितली. "सांगितलंन खरं."

"मंग मला का सांगितलं न्हाय?"

"मला वाटलं, बोर्डाचा मानूस येईल. बिल्लाबिल्ला लावून. सरकारी माल हाय तो. त्यावर छाप हाय, बगितलास न्हवं? उद्या आमी हात लावायचा, आन् एक फुटलं तर नाव कुनाचं लागायचं?"

"पन निरोप द्यायाला हात कशाला लावाय लागतो?"

सदू पुन्हा धार लावू लागला. आतून चिमाच बोलली, "तू निरोपाची वाट बगतेस ह्ये आमाला काय ठावं? तू आमच्या दारात कवा आलीस? गावली न्हवं तुला कौलं."

सगुणा पुढे गेली. छापाचे खरे काय ते तिलाही ठाऊक नव्हते. रात्रभर तिला वाटत राहिले, ती अक्षरे म्हणजे घर बोर्डाचे झाल्याची खूण असेल तर?

दुसऱ्या दिवसापासून मायलेकी कौले वाहू लागल्या. राहीच्या डोक्यावर दोन. वर जाताना ऊन पाठीवर, उतरताना तोंडावर. मानेवर लाल भुकटी घामात कालवून चिखल झाला. एका वळणावर सगुणेचा अंगठा ठेचकाळला आणि वरचे कौल निसटले. पायरीवर पडून खळ्ळकन फुटले. आवाज सगळ्या वाडीने ऐकला. सहाव्या घराच्या छपरावर माणसे होती; त्यांचे हात थांबले. कोणी खाली उतरले नाही.

"गेलं!" चिमाचा आवाज आला. "आता भर दंड."

सगुणेने तुकडे ओच्यात गोळा केले. घरी भिकाजीने ते घेऊन गोठ्यातल्या गव्हाणीत वैरणीखाली लपवले. "सायब कौलं मोजंल," तो म्हणाला, "गवान न्हाय मोजायचा."

संध्याकाळी सगुणा आडवी झाली तेव्हा तिला कूस बदलता येईना. उघड्या वाशांमधून आभाळ दिसत होते. वारा समुद्राकडून फिरला होता, खारा आणि ओला. अंगणात आणून रचलेली कौले बघितली तर गोठ्याच्या छपराच्या एका पाख्यालाही पुरली नसती. आणि सगळी आणली तरी वर चढून लावणार कोण? रिपांवर चढलेल्याला खालून हातोहात कौल द्यावे लागते. एकटीचे काम नव्हते ते. गवताला वाडी लागत होती, तशी कौलालाही लागत होती. हे तिला आता कळले, आणि त्यामुळे ती आणखीच चिडली.

"आये," राही अंधारात म्हणाली, "उद्या चिमाकाकीचं घर. शेवटचं."

"मंग?"

"काय न्हाय."

सकाळी दोघी पुन्हा खिंडीत गेल्या. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला सगुणा पुढे होती. घरी येऊन कौले उतरवली, मान चोळली, पाणी प्याली. राही मागून येईना. ती अंगणाच्या तोंडाशी जाऊन बघू लागली. पाखाडी रिकामी होती. पोरीच्या हातून आणखी एक फुटले की काय? की पोर पडली? ती धावतच निघाली. चिमाच्या घराशी आली आणि गडग्याआडच थांबली.

अंगणात पंगत बसली होती. चिमाचे छप्पर झाले होते, ताजे पिवळे, कडा कोयतीने सारख्या केलेल्या. माणसांच्या केसांत गवताच्या काड्या होत्या. मध्ये आप्पा गावकार, त्याच्या पलीकडे सदू. आणि त्या दोघांच्या मध्ये, जिथे हातभर जागा होती तिथे, राही मांडी घालून बसली होती. केस लाल, कपाळावर लाल ओघळ. तिच्यापुढे पत्रावळ नव्हती. या खेपेला तिने एकच कौल आणलेले दिसत होते. ते तिने पत्रावळीच्या जागी मांडले होते.

चिमा भाताचे पातेले कमरेवर घेऊन उभी होती.

"अगो, तू कशाला आलीस?" चिमा म्हणाली.

"आमच्या घरचा हात हाय," राही म्हणाली. "वाडा काकी."

"पत्रावळ न्हाय तुला."

"ही हाय की."

सदू मागे सरकला. "अगो पोरी, छापाचं हाय ते!"

"छाप खालनं हाय," राही म्हणाली. "भात वरनं वाडा."

सगुणेच्या तोंडाशी हाक आली होती. ऊठ, चल घरी, भिकारणीसारखी काय बसलीस. पण हाक निघेना. पंगतीतून उपाशी पोर उठवायची, तेही आपल्या नव्या छपरापुढे, हे चिमालाही जमणारे नव्हते. चिमाने आप्पाकडे बघितले. आप्पा आपल्या पानात बघत होता. तिने पळीभर भात काढला आणि कौलावर टाकला, जरा जोरानेच. मग त्यावर कालवण ओतले.

आता कौल म्हणजे काय? पाणी वाहून जावे म्हणूनच त्याला पन्हळी पाडलेल्या असतात. कालवण भातावर टिकले नाही. ते एका पन्हळीत शिरले आणि सरसर वाहत आप्पा गावकाराच्या मांडीकडे निघाले.

"आडव, आडव!" आप्पा ओरडला. "बांध घाल गो!" आणि राहीचा हात पोचायच्या आत त्याने स्वतःच्या पानातला भाताचा गोळा उचलून कौलाच्या तोंडाशी दाबला.

कालवण थांबले. कोणीतरी फिस्सकन हसले. मग आणखी एकजण. सदूच्या नाकातून भाताची शिते उडाली. चिमा पदर तोंडाला लावून पाठमोरी झाली. ही माणसे पोरीच्या कौतुकाने हसत होती की पोरीला हसत होती, ते सगुणेला गडग्याआडून कळेना. तिने चिऱ्याला गच्च धरले.

राही हसली नाही. तिने आप्पाने घातलेल्या बांधाकडे बघितले आणि आधी तिथलाच घास घेतला. मग बाकीचा भात खाल्ला, पन्हळी बोटाने निपटून खाल्ल्या. उठली, तांब्यातले पाणी घेऊन कौल धुतले, परकराला पुसले, फडक्याची वळी करून डोक्यावर ठेवले. घराच्या वाटेला लागली नाही. ती आप्पा गावकाराच्या समोर येऊन उभी राहिली. त्याच्या पानात अजून भात होता. तो जेवत होता, आणि ती डोक्यावरच्या कौलाला एक हात लावून, त्याचे जेवण संपायची वाट बघत होती.